तीस मोजेपर्यंत

“कुनी हात लावला का?”

आमच्या हळदीच्या प्लांटवर मामा आले की त्यांचं पहिलं वाक्य हे असायचं. रामराम, पाणी, घरची खुशाली, सगळं नंतर. गळ्यातला पंचा काढून खिळ्याला अडकवायचा, बर्नरपासून चार पावलांवर उभं राहायचं आणि विचारायचं. विचारताना त्यांची नजर बर्नरवर नसायची, आमच्या तोंडांवर असायची. खडू कुणी फेकला हे मास्तर विचारतात, तशी. ‘नाही’ ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नसे.

मामा हे त्यांचं नाव नव्हे. आमच्या भागात बर्नर ठेवणारे जेवढे लोक आहेत ते सगळे त्यांना मामाच म्हणत. खरं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी त्यांना पाहिलंय ते दुसऱ्या ओळीतच ओळखतील.

वारंगा फाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा प्लांट आहे. उकडलेली हळद एरवी शेतकरी उन्हातच वाळवतात. पण ढग आले की ऊन संपतं, ओली हळद काळी पडायला लागते आणि मग ट्रॉल्यांची रांग आमच्या फाटकाशी लागते. आमच्याकडे गरम हवेचं ड्रायर आहे. त्याच्या पोटात गॅसचा बर्नर. मी तिथला सुपरवायझर, मूळचा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. आणि मामा त्या बर्नरचे डॉक्टर म्हणा, वैदू म्हणा, काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. प्लांटचे नोकर ते नव्हते. फोन केला की यायचे, आणि फोन न करताही यायचे.

ते साखरा गावचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. तरुणपणी कुठल्याशा कारखान्यात भट्टीवर दहा-बारा वर्षं काढलेली. तिथून शिकून आलेले आणि गावात मेंढ्या सांभाळत हे काम करणारे. दोन्ही कामं त्यांच्या अंगात एकमेकांत मिसळली होती. बर्नरजवळ जाण्याआधी ते गुडघे टेकून, डोकं पार फरशीला लावून वास घ्यायचे. हळद निवडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

“मामा, मेंढरावानी हुंगून राहिले की!”

“मेंढराला अक्कल हाय म्हनून ते खाली हुंगतं,” मामा तसेच वाकून बोलायचे. “हा गॅस जड असतो, बाई. फरशीवर लोळत येतो. तू नाक वर करून उभी राहशील, अन् तो तुझ्या पायाशी बसल्याला असंल.”

हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मलाही ते नव्यानं कळलं होतं. मी तसं दाखवलं नाही.

गळती शोधायला त्यांच्याकडे दाढीचा जुना ब्रश होता. वाटीत साबणाचा फेस करायचा आणि पाइपच्या प्रत्येक जोडाला दाढी केल्यासारखा लावायचा. फुगा आला की तिथे गळती. एकदा आमच्या एका ऑपरेटरनं घाईत आगकाडी पेटवून जोडाजवळ नेली. मामांनी त्याच्या हातावर असा फटका मारला की काडी उडून बादलीत पडली. मग स्वतःच घाबरल्यासारखे झाले आणि दिवसभर त्याला “लागलं तर न्हाई ना रे?” विचारत राहिले.

दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला यंत्रांची पूजा होते. मालकांनी एका वर्षी अगरबत्त्या, कापूर, आरतीचं ताट, सगळं थेट बर्नरपुढे मांडलं. मामा आडवे आले. मालक म्हणाले, “मामा, देवाचं काम आहे.” मामांनी पाना घेतला, बर्नरचं पुढचं पत्र्याचं झाकण खोललं, उचलून अंगणात नेलं आणि पाटावर ठेवलं. “हे घ्या. देव भाईर येतो की. त्याला काय तकलीफ न्हाई.” तेव्हापासून आमच्याकडे झाकणाची पूजा होते. ते झाकण कुंकू लावूनच परत बसवलं जातं.

आता तो बर्नर कसा चालतो ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. बर्नरला एक डबा असतो. तो डबा आधी पंखा चालवतो, म्हणजे आत कुठे साचलेला गॅस असेल तर धुराड्यातून निघून जावा. मग ठिणगी टाकतो. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. आणि एक ‘डोळा’ असतो, तो जाळाकडे बघत राहतो. डोळ्याला जाळ दिसला नाही, तर डबा व्हॉल्व्ह बंद करून लाल दिवा लावतो. मग रिसेटचं बटण दाबून सगळं पहिल्यापासून सुरू करायचं.

पंखा सुरू झाला की मामा मोठ्यानं मोजायचे. एकपासून तीसपर्यंत. डबा आपला आपण वेळ मोजतच असतो, तरी मोजायचे. “त्यानं मोजलं ते त्याच्यापाशी. आपलं आपन मोजावं.” तीस झाले की ते काचेच्या छोट्या खिडकीला डोळा लावून पहिला जाळ बघायचे. निळा दिसला की “व्हय” म्हणायचे. एवढंच. आणि मग नमस्कार, पाणी, घरची खुशाली.

हळदीच्या प्लांटमध्ये या डोळ्याचं एक दुखणं आहे. हळदीची पिवळी धूळ उडते आणि त्याच्या काचेवर बसते. जाळ नीट पेटलेला असतो, पण डोळ्याला दिसत नाही. लाल दिवा. मामा पंच्याच्या टोकानं काच पुसायचे, लेकराचं नाक पुसावं तशी. “दर दोन तासाला पुसा, साहेब. एवढंच मागतो तो.”

दर दोन तासांनी. मागत होता तो एवढंच.

त्या वर्षी मार्चमध्ये ढग आले आणि गेलेच नाहीत. फाटकाबाहेर ट्रॉल्या, ट्रॉल्यांखाली शेतकरी, मालकांचे फोनवर फोन. पॉलिशचा मोठा ड्रम हळद घासतोय, धूळ अशी की माणसाच्या भुवया पिवळ्या. आणि बर्नर अर्ध्या-अर्ध्या तासाला बंद पडतोय. दर वेळी बंद करा, थंड होऊ द्या, डोळा पुसा, पंखा, तीस आकडे. तेवढ्यात ड्रायर गार होतो, बाहेरून कुणीतरी ओरडतं, “ओ साहेब, माल सडून राहिला न्हवं!”

मी मामांना फोन केला होता. “मामा, हंगामापुरता हा डोळा काढून टाकू. डायरेक्ट करू.”

“काहून?”

“जाळ तर नीट आहे ना! खोटंच बंद पडतोय.”

“खोटं का खरं, ते ज्याला दिसतं त्याला ठरवू द्या. मी हाय तोवर डायरेक्ट न्हाई, साहेब. मी परवा येतो, धूळ अडवायला पत्रा मारू.”

मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि त्याच दुपारी वायर टाकली. इलेक्ट्रिशियन मीच होतो, कुणाला विचारायची गरज नव्हती. डबा वगळून गॅसच्या व्हॉल्व्हला सरळ लाइन दिली. म्हणजे मेन स्विच चालू आहे तोवर व्हॉल्व्ह उघडाच. डबा काय म्हणतो, डोळ्याला काय दिसतं, याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. अगदी चार बोटं लांबीची वायर होती, तांबडी, डब्याच्या मागे सहज न दिसणारी.

मला धोका कळत नव्हता असं म्हणायची सोय नाही. लाइट गेली, की मी आधी हातानं गॅसचा कॉक बंद करायचो, आली की पंखा चालू द्यायचो आणि ठिणगी पडली की मगच कॉक उघडायचो. म्हणजे मला सगळं माहीत होतं. फक्त हे मीच पेटवायचं, दुसऱ्या कुणी नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. ठरवलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काय केलंय तेही सांगावं लागलं असतं.

दोन दिवस ड्रायर न थांबता चालला. मालक फोनवर म्हणाले, “शाब्बास.” मला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास लाइट गेली. मी कॉक बंद केला. थोड्या वेळानं लाइट आली आणि तेवढ्यात मालकांचा फोन. मी फोन कानाला लावून दाराशी उभा होतो. मामा आत आले. ते ‘परवा येतो’ म्हणाले होते, मी ते विसरून गेलो होतो. काखेत पत्र्याचा तुकडा होता. पंचा खिळ्याला अडकवला. चार पावलांवर उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं.

“कुनी हात लावला का?”

माझ्या कानात मालक बोलत होते. मी मामांकडे बघून मान हलवली. नाही.

पुढचं दीड मिनिट मी अनेकदा पाहिलंय. मामा वाकले, फरशीला नाक लावलं. काही वास नव्हता, कॉक बंदच होता की. उठले. कॉक उघडला. ते नेहमी कॉक आधी उघडायचे, कारण डबा सांगेपर्यंत व्हॉल्व्ह उघडत नाही यावर त्यांचा विश्वास होता. रिसेट दाबलं. पंखा सुरू झाला. “एक, दोन, तीन...” मला वाटलं, हा फोन संपला की सांगतो. मग वाटलं, आता ओरडावं. मालक विचारत होते आज किती ट्रॉल्या. मी म्हणालो, “सात.” हे मी बोललो, हे मला स्वच्छ आठवतं. मामा तेव्हा एकोणीसवर होते. पंखा हवा भरत होता आणि उघड्या व्हॉल्व्हमधून गॅस आत जात होता.

तीस झाले. मामांनी खिडकीला डोळा लावला.

आवाज फार मोठा नव्हता. पोत्यावर पोतं पडावं तसा. पण खिडकीची काच बाहेर आली आणि तिच्यामागून जाळ. मामांनी उजवा हात तोंडावर घेतला म्हणून डोळे वाचले. हाताचं मात्र व्हायचं ते झालं.

बायका ओरडल्या. कुणीतरी गॅसची मोठी टाकी बंद केली. मामांना उचलून बाहेर नेलं. जीप वळवत होते, मामा ओरडत होते. आणि मी, सांगतो, मी त्या वेळी आत गेलो. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. दोन स्क्रू. वायर काढून खिशात टाकली, जुनी वायर डब्याला जोडली. मग धावत बाहेर येऊन जीपमध्ये बसलो आणि नांदेडपर्यंत मामांचं डोकं मांडीवर धरलं. खिशातली वायर मला टोचत होती.

तपासायला लोक आले. डबा ठीक, व्हॉल्व्ह ठीक, डोळा धुळीनं भरलेला, एवढंच. हाताळणाऱ्याची चूक, असा कागद झाला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

मी दवाखान्यात दर आठवड्याला जायचो. फळं न्यायचो. मामांच्या तोंडाला मलम, हात बांधलेला. प्रत्येक वेळी त्यांचा एकच प्रश्न.

“साहेब, तुमी तिथंच हुते. तीस मोजले ना मी?”

“मोजले, मामा.”

“मधला एखादा गाळला का?”

“नाही, मामा.”

“मंग?”

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. खरी उत्तरं देऊनही माणूस किती खोटा असू शकतो, हे मला तिथे त्या स्टुलावर बसून कळलं.

बरे होऊन ते घरी गेले. उजव्या हाताची बोटं पूर्ण वळत नव्हती, पण डावा हात चांगला होता आणि त्यांच्या डोक्यातलं कुठे गेलं होतं? डोंगरकडा गावाहून फोन यायचे, इतर प्लांटांवरून यायचे. सगळ्यांना एकच उत्तर: “दुसरं मानूस पाहा.” कुणी फार आग्रह केला तर म्हणायचे, “माझं काय चुकलं ते मला कळलं न्हाई. ज्याला कळलं न्हाई त्यानं जाळापाशी बसू नये.”

मला वाटायचं, वेळ जाईल तसं निवेल. तुम्हालाही आपापल्या बाबतीत असंच वाटलं असेल कधीतरी. वर्ष गेलं. मी जेवताना उठायचो, प्लांटवर विनाकारण फेऱ्या मारायचो, डोळा दर तासाला पुसायचो. बायको म्हणायची, “तुम्ही घरात असता तेव्हाही कुठेतरी निघालेले असता.”

मग एक दिवस मामांच्या मंडळींचा फोन आला. मामींशी मी आधी कधी धड बोललोही नव्हतो.

“साहेब, यांचं काई खरं न्हाई. भिताडाकडं पाहून मोजून राह्यलेत. तीस झाले की दचकतेत. तुमी शिकल्याले, तुमी तिथं हुते. काय चुकलं ते एकडाव समजावून सांगा ना त्यांना. चूक सांगितली तरी चालंल. त्यांना ती पायजे.”

त्या पुढच्या रविवारी मी साखऱ्याला गेलो.

त्यानंतर काय काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी काही दडवतोय असं वाटायला नको. मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आता कशाला उकरून काढता?” मी लेखी दिलं आणि नोकरी सोडली. मामा ज्या ज्या ठिकाणी बर्नर बघायचे तिथे एकेक करून गेलो आणि मालकासमोर, ऑपरेटरांसमोर सांगितलं. काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या, एका ठिकाणी चहा मिळाला, तो जास्त जड गेला. मामा पुढच्या हंगामापासून परत कामाला लागले, डाव्या हातानं. माझ्या जुन्या प्लांटवर मात्र ते गेले नाहीत.

पण साखऱ्याची ती सकाळ वेगळी आहे.

मामा ओट्यावर बसले होते. पुढे पोतं अंथरलेलं आणि त्यावर एक जुना बर्नरचा डबा पूर्ण उघडून मांडलेला. स्क्रू डब्याच्या झाकणात, तारा ओळीनं लावलेल्या. कुठून तरी भंगारातून मिळवलेला, तसलाच. वर्षभर ते त्यात दोष शोधत होते.

“या साहेब. हे पाहा, ह्याची ही पट्टी चिकटली आसंल का? पन चिकटली तर ठिनगीच येत न्हाई. माझी तर आली.”

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं. “मामा, डबा बरोबर होता. मी वायर टाकली होती. व्हॉल्व्ह डायरेक्ट केला होता. तुम्ही मोजत होतात तेव्हा गॅस आत जात होता.”

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. ते मनात सगळं पहिल्यापासून चालवून बघत होते, मला दिसत होतं. कॉक, रिसेट, पंखा. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना.

“म्हंजे माझं बराबर हुतं?”

“बरोबर होतं.”

“तीसच्या तीस?”

“तीसच्या तीस, मामा.”

“आगं ए!” ते घरात ओरडले. “ऐकलं का? माझं बराबर हुतं! डब्याचंबी बराबर हुतं!” मामी ओल्या हातानं दारात आल्या. मामा हसत होते, भाजलेल्या गालाची कातडी ताणली जात होती. मला शिवी द्यायचं त्यांना अजून सुचलंच नव्हतं. दोष सापडल्याचा आनंद सगळ्याच्या पुढे गेला होता.

मग हसू हळूहळू थांबलं.

“पन नंतर पाह्यलं तवा वायर न्हवती,” ते म्हणाले. “तपासनीला सगळं ठीक निघालं.”

“मी काढली.”

“कवा?”

“तुम्हाला जीपमध्ये घालत होते तेव्हा.”

मामांनी पोत्यावरचा एक स्क्रू उचलला, ठेवला. मग उठले आणि घराला वळसा घालून मागे मेंढ्यांच्या वाड्याकडे गेले. तिकडे त्यांचा धाकटा भाऊ मेंढ्यांचे खूर छाटत होता.

मामींनी चहा आणला. त्या खाली बघत होत्या. “घ्या,” म्हणाल्या. मी ग्लास हातात धरला. घराच्या मागून मामांचा आवाज येत होता, खणखणीत, प्लांटवर असायचा तसा. ते भावाला सगळं सांगत होते. कॉक कसा उघडला, पंखा कसा लागला, गॅस कसा आत शिरत राहिला. एकही पायरी गाळली नाही.

“मंग वायर टाकली कुनी?” भावानं विचारलं.

मामांचा आवाज खाली आला.

“आसंल कुनी.”

मामी अजून दारातच होत्या. त्यांनी ऐकलं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी ग्लास ओट्यावर ठेवला आणि मागे गेलो. भावानं मेंढी आडवी धरली होती. मामा तिच्या पायाशी बसले होते, डाव्या हातात सुरी आणि उजव्या हाताच्या न वळणाऱ्या बोटांत खूर दाबून धरलेला.

“मी टाकली,” मी म्हणालो.

भाऊ मान वर करून माझ्याकडे बघू लागला. त्याची पकड सैल झाली आणि मेंढीनं पाय झाडला.

“धर नीट,” मामा त्याला म्हणाले. वर न बघता त्यांनी खूर पुन्हा हातात घेतला, सुरीचं पातं त्याच्या कडेला टेकवलं आणि जपून छाटायला लागले.